हवापालट

फेब्रुवारीत फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर जायचं मी ठरवलं त्याला कारण एकच होतं, त्या महिन्यात खोल्या स्वस्त मिळत होत्या. "अगं, समुद्रात पाय तरी बुडवता येतील का?" असं एका मैत्रिणीनं विचारलं. बुडवले, आणि लगेच बाहेर काढले. पण आठ दिवस तिथल्या लोकलगाड्यांतून रमतगमत फिरल्यावर, आणि परत येऊन त्या किनाऱ्याबद्दल बरंच काही वाचल्यावर लक्षात आलं, की मी नकळत अगदी खऱ्या हंगामात जाऊन आले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथला हंगाम हिवाळ्यातच असायचा. उन्हाळा आला की मोठमोठ्या हॉटेलांना कुलपं लागायची. आणि हिवाळ्यात जे यायचे त्यांतले कितीतरी जण मजा करायला येत नसत, मरण थोडं लांबवायला येत.

आपल्याकडे त्याला छान शब्द आहे, हवापालट. आता तो फारसा कानावर येत नाही. आजीच्या पिढीत मात्र 'हवापालटाला पाचगणीला नेलंय' असं कुणी म्हणालं की ऐकणारे आवाज खाली आणायचे.

मराठी माणसाला या किनाऱ्यावरचं एक गाव शाळेपासून पाठ असतं, मार्सेलिस. 8 जुलै 1910 ला 'मोरिया' बोटीच्या खिडकीतून सावरकरांनी समुद्रात उडी घेतली ती तिथे. पण त्या काळातल्या साध्या प्रवाशाला मार्सेलिस म्हणजे गाडी बदलायचं ठिकाण. मुंबईहून विलायतेला निघालेले लोक घाईत असले की जिब्राल्टरचा वळसा टाळून इथे बोटीतून उतरायचे आणि रेल्वेनं उत्तरेला जायचे. मी तिथून उलटी, पूर्वेकडे जाणारी गाडी धरली. सें-राफाएल सोडलं की रूळ थेट समुद्राला चिकटतात. एका बाजूला एस्तरेलचे लालभडक खडक, दुसऱ्या बाजूला निळं पाणी, मध्ये बोगदे. मोबाइल बाहेर काढावा तोवर अंधार. हा लोहमार्ग 1863 मध्ये कानला पोचला (चित्रपट महोत्सवाचं तेच कान), 1864 मध्ये नीसला, 1868 मध्ये मोनाकोला आणि 1869 मध्ये सीमेवरच्या माँताँला. त्याआधी इथे यायचं म्हणजे घोडागाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची. फुप्फुसं आधीच पोखरलेल्या माणसानं तो प्रवास कसा केला असेल, हा प्रश्न मला नीसला पोचेपर्यंत सोडत नव्हता.

कारण नीसला सगळ्यात आधी नाव मिळवून देणारा माणूस तसाच आला होता. टोबायस स्मॉलेट हा स्कॉटिश डॉक्टर आणि कादंबरीकार. 1763 च्या वसंतात त्याची एकुलती एक मुलगी वारली, वय पंधरा. त्याची स्वतःची छाती खराब झालेली, खोकला थांबत नव्हता. बायकोला घेऊन तो निघाला आणि वर्षअखेरीस नीसला आला. नीस तेव्हा फ्रान्समध्ये नव्हतंच, सार्डिनियाच्या राज्यात होतं. तिथे राहून त्यानं हवेची रोजची नोंद ठेवली. आणि पुढच्या मे महिन्यात समुद्रात आंघोळ सुरू केली. गावचे डॉक्टर म्हणाले, हा आता मरणार. मेला तर नाहीच, उलट थोडा सुधारला. 1766 मध्ये त्याचं प्रवासाचं पुस्तक आलं. त्यात तो नीसच्या डासांवर, खाण्यावर, घरमालकांवर, जवळपास सगळ्यांवर चिडलेला आहे. हवेवर मात्र खूश. इंग्लंडमधल्या खोकणाऱ्या श्रीमंतांना तेवढं पुरेसं होतं.

कानची गोष्ट याहून विचित्र. 1834 मध्ये लॉर्ड ब्रूम आपल्या आजारी मुलीला घेऊन इटलीकडे निघाला होता. हा साधा असामी नव्हे. त्याच वर्षापर्यंत तो इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर होता, आणि ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी रद्द करणारा 1833 चा कायदा त्याच्याच कारकिर्दीतला. पण फ्रान्सच्या बाजूला कॉलऱ्याची साथ होती, म्हणून वार नदीवर सार्डिनियाच्या शिपायांनी सीमा बंद केलेली. लॉर्डसाहेबांनाही सोडलं नाही. ते मागे फिरले आणि कान नावाच्या मच्छीमारांच्या खेड्यात मुक्कामाला थांबले. जागा इतकी आवडली की त्यांनी तिथे जमीनच विकत घेतली आणि मुलीच्या नावानं बंगला बांधला. मुलगी एलेओनोर 1839 मध्ये गेली. बाप त्यानंतर जवळपास तीस वर्षं दर हिवाळ्यात येत राहिला, गावाला चांगलं बंदर मिळावं म्हणून पॅरिसमध्ये वजन खर्च करत राहिला, आणि 1868 मध्ये कानलाच वारला. त्याच्या मागोमाग इंग्लंडचे लॉर्ड आणि त्यांचे बंगले आले.

सीमेवर अडवलेला एक माणूस खिशात पैसे असल्यामुळे तिथेच बंगला बांधतो आणि त्यातून एक शहर उभं राहतं. ही गोष्ट मी वहीत लिहून ठेवली, तेव्हा ती नुसती गमतीची वाटली होती.

नीसचा समुद्रकाठचा रस्ता तुम्ही फोटोत नक्की पाहिला असेल. निळ्या खुर्च्या, ताडासारखी झाडं, सात किलोमीटरचा अर्धगोल. नाव प्रॉमनाद देझांग्ले, म्हणजे 'इंग्रजांची फिरायची वाट'. मी तिथे रोज संध्याकाळी चालत होते. तिसऱ्या दिवशी कळलं की ती वाट दुष्काळी कामावर झालेली आहे. हो, आपल्या रोजगार हमीसारखीच. 1820-21 च्या हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडली आणि नीसची संत्र्यांची झाडं जळून गेली. हातचं काम गेलेली माणसं शहरात भीक मागत फिरू लागली. तिथे राहणाऱ्या इंग्रजांना फिरायला निघालं की भिकारी आडवे येत, त्याचा त्रास होई. लुइस वे नावाच्या पाद्र्यानं आपल्या मंडळींकडून वर्गणी गोळा केली आणि त्या भुकेल्या लोकांना समुद्राकाठी वाट बांधायच्या कामावर लावलं. 1824 पर्यंत जेमतेम दोन मीटर रुंदीची वाट तयार झाली. नीसचे लोक आपल्या बोलीत तिला इंग्रजांची वाट म्हणू लागले आणि 1860 मध्ये नीस फ्रान्सला जोडलं गेल्यावर तेच नाव फ्रेंचमध्ये कायम झालं.

बांधली कुणी त्यांचं नाव नाही, चालले कोण त्यांचं नाव आहे. वाटांचं बहुतेक असंच असतं.

पण चालणारेही कसे चालत होते ते पाहायला हवं. डॉक्टरांचे नियम कडक होते. सकाळी ऊन तापल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. सूर्य मावळायच्या आत घरात, कारण मावळतीला इथे एकदम गारठा येतो. मी स्वतः अनुभवला, पाच मिनिटांत स्वेटर काढून घालावा लागला. चढ नको, घाई नको, दमलं की बसायचं. सपाट वाट, दर काही पावलांवर बाक, सावली देणारी झाडं, समुद्राकडे तोंड करून मांडलेल्या खुर्च्या. आज आपण ज्याला 'रिव्हिएराचा निवांतपणा' म्हणतो आणि ज्यासाठी लोक मोजून पैसे देतात, ती मुळात धाप लागणाऱ्या माणसांची चाल होती, असं मला तिथे चालताना वाटू लागलं. कुठल्या पुस्तकात हे या शब्दांत लिहिलेलं नाही, हा माझाच निष्कर्ष. पण एकदा डोक्यात बसल्यावर त्या खुर्च्या मला दवाखान्यातल्या दिसू लागल्या.

क्षयाला आपल्याकडे राजयक्ष्मा म्हणत. या किनाऱ्यावर तो खरोखरच राजेशाही थाटात आला. रशियाच्या झारचा थोरला मुलगा, गादीचा वारस निकोलाय, 1865 च्या एप्रिलमध्ये नीसला वारला, वय एकवीस. (त्याच्या मणक्यात क्षय शिरला होता असं बरेच जण लिहितात.) आज तिथे रंगीत कांदेघुमटांचं रशियन चर्च आहे, पर्यटक रांग लावून बघतात. चेखव्ह 1897-98 चा हिवाळा नीसला एका रशियन खानावळवजा हॉटेलात राहिला. तोही डॉक्टर, त्यालाही रक्त पडत होतं. तिथे त्यानं काही कथा लिहिल्या आणि वर्तमानपत्रांतून द्रेफ्यूस प्रकरण इतकं बारकाईनं वाचलं की तो झोलाच्या बाजूनं ठाम उभा राहिला. चित्रकार ऑब्री बिअर्डस्ली 1898 च्या मार्चमध्ये माँताँला गेला, वय पंचवीस. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन तरुणपणी याच माँताँला पाठवला गेला होता. पुढे दहा वर्षांनी तो इएरला राहिला, आणि आपण खरे सुखी होतो ते तिथेच, असं त्यानं नंतर पत्रात लिहिलं. सुख आणि रक्ताच्या गुळण्या, दोन्ही त्या एकाच घरात.

माँताँला प्रसिद्धी दिली जेम्स हेन्री बेनेट या इंग्लिश डॉक्टरनं. 1859 मध्ये तो स्वतः क्षयानं खंगून, शांत कोपऱ्यात मरावं म्हणून तिथे आला. बरा झाला. 1861 मध्ये त्यानं माँताँच्या हिवाळी हवेवर पुस्तक काढलं, ते वाढत गेलं, भाषांतरं झाली, आणि लिंबं पिकवणारं ते गाव उत्तर युरोपातल्या आजाऱ्यांनी भरून गेलं. उन्हाळ्यात बेनेट इंग्लंडमध्ये रोगी तपासायचा, हिवाळ्यात माँताँमध्ये. म्हणजे पेशंटबरोबर डॉक्टरही स्थलांतर करत होता. मला त्याच्यावर संशय घ्यावासा वाटतो, पण तो स्वतः बरा झाला होता हे खरंच आहे. अशा माणसाचा सल्ला कोण नाकारेल?

मग 24 मार्च 1882 ला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखनं जाहीर केलं की क्षय जंतूमुळे होतो. आनुवंशिक नाही, हळव्या स्वभावामुळे नाही, तो एकापासून दुसऱ्याला होतो. किनाऱ्याचं गणित फिरलं. काल ज्यांच्या खोकल्यावर हॉटेलं चालत होती, त्यांचाच खोकला शेजारच्या खोलीतल्या गिऱ्हाइकाला नको झाला. हळूहळू जाहिरातींतच छापून येऊ लागलं की इथे क्षयरोग्यांना प्रवेश नाही. आजारी लोक दाव्होससारख्या बर्फाळ डोंगरांकडे वळले. नेमक्या त्याच सुमारास, 1887 मध्ये, स्तेफाँ लिएझार नावाच्या लेखकानं किनाऱ्याला नवं नाव दिलं, 'कोत दाझ्युर', निळाईचा किनारा. लिएझार दिजाँचा, त्याच्या जिल्ह्याचं नाव 'कोत-दोर', सोन्याचा उतार. तिथलं अर्धं नाव उचलून त्यानं इथे चिकटवलं असावं. आजाराचा वास न येणारं नाव हॉटेलवाल्यांना हवंच होतं.

आणि राणीही हवी होती. व्हिक्टोरिया 1882 मध्ये माँताँला आली होती, 1895 ते 1899 पाच वर्षं सलग नीसला. तिच्यासाठी म्हणून सिमिएच्या टेकडीवर 'रेजिना' हॉटेल उभं राहिलं. लवाजमा शंभराच्या घरात. त्यात तिचा मुन्शी, आग्र्याचा अब्दुल करीम. 1897 च्या वसंतात त्याच्यावरून दरबारात बंड झालं. गोऱ्या दरबाऱ्यांनी सांगितलं की हा आमच्या पंगतीला बसणार असेल तर आम्ही राजीनामे देतो. मुन्शी तरीही सिमिएला पोचला, पण त्याला भेटायला आलेला त्याचा मित्र रफिउद्दीन अहमद, त्याला मात्र दरबाऱ्यांनी निघायला लावलं. हा रफिउद्दीन आपल्या पुण्याचा, पुढे मुंबई प्रांतात मंत्री झाला. 1897 चा वसंत म्हणजे पुण्यात प्लेगचे दिवस. तिकडे त्याच्या गावात गोरे शिपाई घराघरात शिरून रोगी शोधत होते, आणि इकडे त्याला निळ्याशार समुद्रावरच्या हॉटेलातून बाहेर काढलं जात होतं.

आता उन्हाळ्याकडे. उन्हाळ्यात इथे कुणी भलं माणूस थांबायचं नाही. ऊन शेतकऱ्याला लागायचं, कोळ्याला लागायचं. रापलेली कातडी म्हणजे मजुराची खूण. हे उलटं कसं झालं? गंमत म्हणजे यातही क्षयाचाच हात आहे. डेन्मार्कच्या नील्स फिन्सनला 1903 मध्ये नोबेल मिळालं ते त्वचेचा क्षय प्रकाशानं बरा करण्यासाठी. स्वित्झर्लंडमध्ये रोलिए नावाचा डॉक्टर हाडांच्या क्षयाच्या रोग्यांना गच्चीवर उघड्यानं उन्हात झोपवू लागला. उन्हात पडून राहणं हे आधी औषध होतं, मग फॅशन झाली.

1923 च्या उन्हाळ्यात जेराल्ड आणि सारा मर्फी या अमेरिकन जोडप्यानं कॅप दाँतिबच्या हॉटेलमालकाला गळ घातली, यंदा उन्हाळ्यात बंद करू नका. त्यानं मोजके नोकर ठेवून हॉटेल उघडं ठेवलं. त्या उन्हाळ्यात पिकासोही कुटुंबाला घेऊन तिथे आला. मर्फी गारूपच्या छोट्या पुळणीवरचं साठलेलं शेवाळ रोज थोडं थोडं उपसायचे. पुढे त्यांनी तिथे घर घेतलं, फिट्झजेराल्ड, हेमिंग्वे येऊ लागले, आणि 1934 मध्ये फिट्झजेराल्डनं ते वातावरण 'टेंडर इज द नाइट' या कादंबरीत घातलं. आज जगभर समुद्रकिनारी टॉवेल पसरून पडणारी जी माणसं दिसतात, त्यांची सुरुवात शोधत गेलं तर आपण बऱ्यापैकी या पुळणीजवळ पोचतो.

मी गारूपला गेले तेव्हा वारा होता आणि एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला फिरवत होते, बस्स. पण मला तिथे मर्फींचा धाकटा मुलगा पॅट्रिक आठवत राहिला. 1929 मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, त्याला क्षय झाल्याचं कळलं. आईबापांनी हा सगळा सोनेरी उन्हाळा सोडला आणि त्याला स्वित्झर्लंडच्या डोंगरात नेलं. थोरला मुलगा बाओथ 1935 मध्ये मेंदूज्वरानं गेला. पॅट्रिक 1937 मध्ये. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला 1943 मध्ये, सहा वर्षं उशिरा.

मजुरांच्या वाट्याला हा किनारा आला तो 1936 मध्ये. जूनमध्ये देशभर संप, कारखाने ताब्यात घेतलेले, आणि त्या दबावाखाली फ्रान्सच्या संसदेनं वर्षाला दोन आठवडे पगारी रजेचा कायदा केला. तोवर गिरणीतल्या माणसाला सुट्टी म्हणजे पगार बुडणं. लेओ लाग्रांज या तरुण उपमंत्र्यानं रेल्वेकडून सवलतीचं तिकीट काढून घेतलं, चाळीस टक्के सूट. पहिल्याच उन्हाळ्यात पाच लाखांहून जास्त तिकिटं गेली. श्रीमंतांची 'निळी गाडी' 1922 पासून कॅलेहून इथे येत होती, नुसते पहिल्या वर्गाचे शयनडबे. आता तिसऱ्या वर्गाच्या बाकांवर बसून, डबे घेऊन, पोरांना मांडीवर घेऊन माणसं आली. उजव्या वर्तमानपत्रांनी त्यांच्या टोप्यांवरून टवाळी केली. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघणाऱ्यांचे त्या वर्षीचे फोटो आहेत. ते बघा. कुणी ऐटीत उभं नाही, सगळे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात.

शेवटच्या दिवशी मी माँताँच्या जुन्या दफनभूमीत चढले. गावाच्या डोक्यावर, पडलेल्या किल्ल्याच्या जागी ती आहे. वाट बरीच चढाची. रग्बीचा जनक म्हणून ज्याची आख्यायिका सांगतात तो विल्यम वेब एलिस इथे आहे, त्याच्या थडग्यावर खेळाडू हार ठेवून जातात. मी इतर दगड वाचत गेले. इंग्लिश, रशियन, जर्मन. जन्माचं गाव थंड, मृत्यूचं गाव माँताँ. वजाबाकी करायची सवय लागली: 19, 23, 31. खाली लिंबांची झाडं, पुढे समुद्र, डावीकडे इटलीचा डोंगर. जागा इतकी सुंदर आहे की जाणाऱ्यानं खिडकीतून शेवटी काय पाहिलं असेल ते सहज कळतं. या माणसांच्या चादरी धुणाऱ्या बायकांची थडगी मी शोधत नव्हते. ती तिथे नसणारच होती.

दुपारी इटलीत व्हेंतिमिल्याला जाऊन जेवले आणि संध्याकाळच्या लोकलनं परत निघाले. सीमा ओलांडल्यावरचं पहिलं स्टेशन माँताँ-गाराव्हाँ. 2015 पासून फ्रान्सनं इथे पुन्हा तपासणी सुरू केली आहे, इटलीतून येणारे निर्वासित थोपवायला. त्या वर्षी जूनमध्ये अडवलेली माणसं कित्येक दिवस सीमेवरच्या समुद्रातल्या खडकांवर राहिली होती. गाडी थांबली, गणवेशातली चार माणसं चढली. डब्यात साठेक लोक असतील. त्यांनी पासपोर्ट मागितला फक्त तिघांकडे: मी, आणि पलीकडच्या बाकावरची दोन आफ्रिकी पोरं, असतील सतरा-अठरा वर्षांची. माझा व्हिसा बघून "मेर्सी, मादाम" म्हणून परत दिला. पोरांकडे एक घडी घातलेला कागद होता. तो त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि त्यांना खाली उतरायला सांगितलं.

पोरं काही बोलली नाहीत. एकानं पाठीवरची सॅक नीट केली. दुसरा जोरात खोकला, मग हातानं तोंड झाकून पुन्हा खोकला, आणि उतरला. समोरच्या बाईंनी पुस्तकातून मान वर केली नव्हती. फलाटावरच्या बाकावर ती दोघं बसलेली मला खिडकीतून दिसत होती. सूर्य नुकताच मावळला होता आणि गारठा पडायला लागला होता. दारं लागली. पुढचं स्टेशन माँताँ, असं गाडीनं फ्रेंचमध्ये सांगितलं.